भाव न विचारणारे गिऱ्हाईक

अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी आरोग्यविमा योजना १९६५ च्या कायद्याने आली. इस्पितळाचा व डॉक्टरांचा बराचसा खर्च तिने उचलला. घरी घ्यावयाची औषधे मात्र चाळीस वर्षे बहुतांशी तिच्या कक्षेबाहेरच राहिली. वृद्धाला इस्पितळ कधीमधी लागते, रक्तदाबाची गोळी रोज लागते.

ही उणीव २००३ च्या कायद्याने भरून काढली व २००६ पासून औषधविमा सुरू झाला. परंतु तो खासगी विमा कंपन्यांकडे सोपविण्यात आला आणि औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करण्यास त्याच कायद्याने सरकारला मनाई केली. पैसा जनतेचा, पण भाव विचारायचा नाही! मुक्त बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांना यात विसंगती दिसली नाही. कंपनीगणिक औषधांची यादी निराळी, हप्ता निराळा. दुसरा पुरेसा औषधविमा नसताना नावनोंदणीस उशीर करणाऱ्याला महिन्यामागे एक टक्का या हिशेबाने दंड बसतो, आणि तो बहुधा जन्मभर.

ही मनाई २०२२ च्या कायद्याने अंशतः उठविली. मेडिकेअरमधील रुग्णांचा इन्शुलिनचा खर्च २०२३ मध्ये महिना ३५ डॉलरवर बांधला गेला. २०२५ साली विम्यातील औषधांसाठी पदरच्या वार्षिक खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली. वाटाघाटीने ठरलेले पहिल्या दहा औषधांचे भाव जानेवारी २०२६ मध्ये अमलात आले. त्याआधीच कंपन्यांनी न्यायालये गाठली होती. नव्याने बाजारात आलेली औषधे मात्र कित्येक वर्षे या वाटाघाटींच्या बाहेरच ठेवलेली आहेत.