आधी मोजमाप, मग स्टेंट

‘छाती न उघडता महाधमनीची दुरुस्ती, प्रत्येकासाठी!’ एका रुग्णालयाची ही जाहिरात या आठवड्यात पाहिली आणि संताप आला. ‘प्रत्येकासाठी’ हे साफ खोटं आहे. पोटातल्या महाधमनीच्या फुग्याला जे लागू होतं, ते महाधमनीच्या छातीतल्या कमानीला जसंच्या तसं लागू होत नाही. मेंदूला आणि हातांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या याच कमानीतून फुटतात. त्यातली एक जरी झाकली गेली, तरी पक्षाघात होऊ शकतो.

उघड्या शस्त्रक्रियेशी तुलना केली की खरा फरक कळतो. तिथे शरीर थंड करून रक्ताभिसरण काही काळ थांबवावं लागतं. जोखीम मोठी आहे, वयस्कर आणि फुप्फुसं कमजोर असलेल्या रुग्णांना ती झेपत नाही. पण सर्जनला कमान डोळ्यांसमोर दिसते. कृत्रिम नळी तो तिथेच हवी तशी कापतो. बऱ्याच जणांत पहिल्या दोन शाखा एकाच मुळातून निघतात, काहींत डावी कशेरुका धमनी थेट कमानीतून येते. तो त्याप्रमाणे टाके घालतो.

जांघेतून सरकवलेल्या तयार नळीचं, म्हणजे स्टेंट ग्राफ्टचं, तसं नसतं. त्याचा व्यास आणि शाखांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. घट्ट बसायला त्याला साधारण 20 मिलिमीटर निरोगी भिंत लागते. वळण तीव्र असेल, तर आतल्या बाजूला चोचीसारखी फट राहते. दोन शाखांच्या एका स्टेंटसाठी सुरुवातीच्या निकषांत चढती महाधमनी 38 मिलिमीटरपेक्षा रुंद नको आणि 50 मिलिमीटरपेक्षा आखूड नको, असं होतं. हृदयात धातूची महाधमनी झडप असेल, तर असा स्टेंट बहुधा बादच होतो. उलट, पूर्वी उघड्या शस्त्रक्रियेत चढत्या भागात कापडी नळी बसवलेली असेल, तर तीच स्टेंटला उत्तम आधार देते. सर्जनच्या जुन्या कामावरच नवं तंत्र उभं राहतं, हे जाहिरातवाल्यांनी लक्षात घ्यावं.

2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला गोर कंपनीचा स्टेंट एकाच शाखेचा आहे, डाव्या हाताच्या वाहिनीसाठी. आजार त्याहून हृदयाच्या जवळ असेल, तर अनेकदा आधी मानेत बायपास करावा लागतो. म्हणजे चिरा टळत नाही, त्याची जागा बदलते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: सीटी अँजिओग्रामची मोजमापं रुग्णाच्या हातात लेखी द्या. नातेवाइकांना ती कळत नाहीत, ही सबब मला मान्य नाही. समजावून सांगितली की कळतात.

घरात कुणाला असा सल्ला मिळाला असेल, तर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. निरोगी भिंत किती मिलिमीटर आहे? कोणत्या शाखा झाकल्या जातील? जांघेतली वाहिनी पुरेशी रुंद आहे का? आणि उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने हा सीटी पाहिला आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.