प्रवाळ, पीएच आणि फोडणी

मासे पाळणारे पुष्कळ असतात, मला प्रवाळ पाळायचा नाद लागला. मिशिगनमध्ये, समुद्रापासून शेकडो मैल दूर, हॉलमधल्या काचेच्या टाकीत समुद्र करायचा म्हणजे नळाचे पाणी गाळून त्यात मीठ कालवायचे, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आणि मग रोज पाण्याची नाडी बघत बसायचे. आता इंजिनियरच्या हातात मीटर दिला की तो आकडे सुधारायला निघतो. माझे म्हणणे एवढेच, की तसे करू नये. हे मी पैसे आणि प्रवाळ दोन्ही घालवून शिकलोय.

त्या जानेवारीत टाकीचा पीएच ७.८ वर उतरला. समुद्राचा असतो ८.१ च्या आसपास. मी घाबरलो आणि पीएच वाढवणारी पावडर रोज चमचाभर टाकू लागलो. आकडा जरा वर जायचा, सकाळी पुन्हा खाली. की मी पुन्हा चमचा! चौथ्या दिवशी हीटरवर पांढरा थर दिसला आणि प्रवाळांची टोके जळल्यासारखी पांढरी पडली. तेव्हा कुठे मी अल्कलिनिटी मोजली. अल्कलिनिटी म्हणजे ढोबळमानाने पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा. तो आणि कॅल्शियम घेऊन प्रवाळ आपला सांगाडा बांधतात. ती ८ डीकेएचवरून १२ वर गेली होती. तीन प्रवाळ मेले. त्यातला एक मी बोटभर तुकड्यापासून चार वर्षे वाढवला होता.

खरे कारण सापडले ते फोडणीमुळे. रविवारी सौ.ने मिरचीची फोडणी दिली, स्मोक अलार्म बोंबलला आणि उणे दहा तापमानात आम्ही खिडक्या उघडल्या. संध्याकाळी बघतो तर पीएच ८.०, पावडरीशिवाय! घर बंद, आत चार माणसे, वर गॅसची शेगडी. हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळत होता. त्याने पीएच उतरतो, अल्कलिनिटीला मात्र धक्का लागत नाही. म्हणजे मी भलत्याच रोगाला औषध देत होतो. आता टाकीतल्या स्किमरची, म्हणजे फेस काढणाऱ्या यंत्राची, हवेची नळी खिडकीबाहेर नेली आहे. खर्च दोन-तीन डॉलर.

तुम्ही म्हणाल, मग मोजायचेच कशाला? मोजायचे, नेमाने मोजायचे. अल्कलिनिटी तर आधी, कारण सांगाडा बांधताना ती १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएमने कमी होते. चारशेत सात आपल्या घरगुती किटला कळतही नाहीत. पण आकडा ७.५ असो वा ८.५, तो स्थिर असला की प्रवाळ सांभाळून घेतात. चार दिवसांत ८ चे १२ त्यांना सोसत नाही. दुकानात प्रत्येक आकड्यासाठी एक बाटली मिळते. आधी कारण शोधा, बाटली मग.

खऱ्या समुद्रातही हेच चालले आहे. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला. ऐकायला किरकोळ वाटते, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे पाव पटीने वाढले. कारण तेच, हवेतला कार्बन डायऑक्साइड. फक्त तिथे उघडायला खिडकी नाही.

ता. क. मालवणला गेलात तर प्रवाळाचा तुकडा टाकीसाठी उचलू नका. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.