तपासणी फुकट केली की पार्ट विकावाच लागतो



या आठवड्याच्या व्हिडिओत मी थंड इंजिनची तपासणी करून दाखवली. काही जण म्हणतील, आपल्याला कुठं गॅरेज टाकायचंय? तरी वाचा. विषय गाडीचा असला तरी चूक धंद्याची आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

नाशिकला आमचं स्पेअर पार्टचं दुकान, मागे छोटं गॅरेज. मागच्या डिसेंबरात एक टर्बो पेट्रोल सेडान आली. पॉवरफुल गाडी, एकदम जपलेली. मालक म्हणाले, "भाऊ, सकाळी स्टार्ट केली की पाच मिनिटं थरथरते, रेस दिली की अडखळते. नंतर एकदम ओके."

गाडी आली अकरा वाजता, वीस किलोमीटर चालून. इंजिन गरम, थरथर गायब. स्कॅनरवर एकच कोड, पी०३००, म्हणजे मिसफायर. मिसफायर म्हटलं की आपला हात सवयीने प्लग आणि कॉइलकडे जातो. दोन्ही माझ्याच रॅकवर होते. चार प्लग, चार कॉइल, मजुरी धरून साडेसतरा हजारांचं बिल केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "भाऊ, तुम्ही पार्ट विकलेत. दुरुस्ती कुठं केलीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोड नीट वाचला असता तरी मी थांबलो असतो. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड कुठला सिलिंडर चुकतोय ते सांगतात. पी०३०० म्हणजे मिसफायर एका ठराविक सिलिंडरला बांधलेला नाही. मग चारही कॉइल एकदम, आणि त्याही फक्त सकाळीच, खराब कशा होतील? एका कॉइलवर संशय असेल तर बिनपैशाची टेस्ट आहे. ती कॉइल काढून शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोड तिच्या मागे गेला तर कॉइल खराब, जुन्याच जागी राहिला तर कारण दुसरं.

यावेळी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी साडेसहाला स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन करून स्कॅनर बघितला. आत येणाऱ्या हवेचं तापमान १२ अंश, कूलंटचं ३८. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. कूलंटचा सेन्सर खोटं बोलत होता. थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, आणि ते किती द्यायचं हे ईसीयू याच सेन्सरवरून ठरवतो. त्याला इंजिन कोमट वाटलं, पेट्रोल कमी पडलं, मिसफायर झाला. इंजिन गरम झालं की सेन्सरचा आकडा खऱ्याच्या जवळ यायचा, म्हणून नंतर सगळं ओके. नवीन सेन्सर बाराशेचा.

मी त्यांच्या जुन्या कॉइल परत बसवल्या आणि नव्या कॉइलचे बारा हजार परत केले. वापरलेल्या कॉइल नव्या म्हणून विकता येत नाहीत, त्यामुळे तो तोटा माझा.

आता माझं मत. लोक म्हणतात, गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही, म्हणून 'तपासणी फ्री' असा बोर्ड लावा. मला हे पटत नाही. तपासणी फ्री केली की तुमची कमाई फक्त पार्टवर उरते. मग नको असलेला पार्टही गरजेचा दिसायला लागतो. मी काही चोर नव्हतो, पण माझ्या धंद्याची रचनाच मला त्या रॅककडे ढकलत होती.

शिवाय थंड इंजिनच्या थरथरीला कारणं बरीच. इनटेकच्या पाइपातून हवा गळते, इंजेक्टर टपकतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, म्हणून तिथं कार्बन साचतो. कूलंट कमी होतंय आणि स्टार्टला पांढरा धूर बराच वेळ येतोय, तर हेड गॅस्केटही बघावं लागतं. एका कारणाचं बिल हजारात, दुसऱ्याचं इंजिन उघडण्यापर्यंत. इथं अंदाज कुणाच्या पैशाने करायचा?

आमच्याकडे आता चार नियम आहेत:

१. आधी प्रश्न. थरथर किती मिनिटं? कूलंट कमी होतं का? गाडी रिमॅप केलीय का? स्टार्टनंतर थोडा वेळ आरपीएम जास्त राहणं नॉर्मल आहे, हेही समजावून सांगायचं.

२. थंड इंजिनची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी घ्यायची. सकाळची एकच स्टार्ट मिळते, ती वाया घालवायची नाही.

३. तपासणीची फी आधी सांगायची आणि आकडे कागदावर लिहून द्यायचे. पुढचं काम त्यांनी दुसरीकडे केलं तरी चालेल.

४. आम्ही सांगितलेल्या पार्टने ती तक्रार गेली नाही, तर पार्टचा खर्च आमचा.

फी ऐकून काही जण परत जातात. जाऊ द्या. तो सेडानवाला अजून येतो, आणि फी न विचारता देतो.

तुमचा धंदा कुठलाही असो, मोबाइल रिपेअरिंग असो की एसी सर्व्हिस, आज एक काम करा. तुमच्या रेटकार्डवर पहिली ओळ 'तपासणी' लिहा आणि तिच्यासमोर आकडा टाका.