डोळ्यांची शिकवणी

एका भगिनीने आम्हांस पत्रद्वारे पृच्छा केली आहे की, त्यांचे चिरंजीव यंदा एलिमेंटरी परीक्षेस बसणार असून त्यास चित्रांची फार आवड आहे. परंतु घरात कोणासच त्यातले काही कळत नाही, तर त्यास साहाय्य कसे करावे? आम्ही चित्रकार नव्हे. तथापि निवृत्तीनंतर गंगापूर रोडने सोमेश्वराकडे फिरावयास जाताना वही व पेन्सिल संगती ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. तेवढ्या अधिकारावर चार गोष्टी सांगतो.

पहिली ही की, हाताच्या आधी डोळ्यांस शिकवावे. मूल बहुधा मनातले झाड काढते, समोरचे नव्हे. खोड तपकिरी, पाने हिरवी, पाणी निळे, हे सारे पाठांतर होय! भर पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा पाहावा. गोदावरीचे पाणी गढूळ तांबूस, खडक काळाभोर. निळ्याचा तेथे मागमूस नसतो. म्हणून प्रथम पाच मिनिटे नुसते पाहावयास सांगावे. डोळे किंचित मिटून घेतले म्हणजे बारकावे लोपतात आणि छायाप्रकाशाचे मोठे भाग तेवढे उरतात. ते आधी मांडावेत. पाने, दगड, पायऱ्या मागाहून.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. यशोधर पंडिताने 'जयमंगला' टीकेत चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत रूपभेदाच्या पाठोपाठ प्रमाणच येते. हात ताठ पसरून पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा, आणि देवळाचे शिखर पेन्सिलीवर अंगठ्याने मोजून त्याच मापाने मंडपाची रुंदी पाहावी. कोपर वाकले की माप चुकले. चित्रात काय घ्यावे व काय सोडावे हे उमगत नसल्यास पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापून तीतून पाहावे.

तिसरी जलरंगांविषयी. यांत पांढरा रंग म्हणजे कोरा राखलेला कागद. फिक्याकडून गडदाकडे जावे, आणि एक थर वाळल्यावाचून त्यावर दुसरा चढवू नये. न पेक्षा रंगांचा चिखल होतो. त्र्यंबकाकडील डोंगर दुरून फिके व निळसर दिसतात, कारण मधली हवा प्रकाश विखुरते. त्यांस अंगणातल्या तुळशीचा हिरवा रंग दिला, तर डोंगरच अंगणात येऊन बसतो.

चौथी म्हणजे, एकच स्थळ पुनःपुन्हा काढावे. कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहमान (मृत्यू १९३१) यांनी कोटीतीर्थाचा परिसर अनेकवार रंगविला. घरच्या खिडकीतून दिसणारे झाडही सकाळ-सायंकाळ भिन्न असते.

आता पालकांसाठी एक गोष्ट, आणि ती आमच्या प्रमादाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी चित्रकलेचे शिक्षक रजेवर असता तो तास आम्ही घेतला. एका मुलाने संध्याकाळच्या देखाव्यात आंब्याचे खोड जांभळे रंगविले होते. आम्ही त्यास वर्गासमक्ष हटकले, आणि स्वहस्ते त्या खोडावर तपकिरी रंग फासला. मुलगा काही बोलला नाही. पुढे वर्षभर तो पुस्तकातली चित्रे तेवढी उतरवीत राहिला.

निवृत्तीनंतर एके दिवशी, पाऊस उघडल्यावर, सूर्यास्ताच्या वेळी सोमेश्वराच्या वाटेवर आम्ही थबकलो. ओले खोड खरोखरीच जांभळे दिसत होते! मुलाने पाहिले होते. आम्ही पाहिले नव्हते. तो विद्यार्थी आज कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही. असते तर त्याची क्षमा मागितली असती.

यास्तव त्या भगिनीस आमचे इतकेच सांगणे: मुलाच्या कागदावर आपला हात चालवू नये. चूक वाटल्यास, "तुला हे कोठे दिसले, मला दाखव," असे म्हणावे आणि त्याच्यासमवेत तेथवर जावे. चुकले असेल तर त्यास आपोआप दिसेल. आणि चुकले नसेल, तर आपणांस दिसेल.