आजार सांगायचा कोणाला?

बेळगाव-खानापूर भागातल्या मोठ्या गावात पूर्वी एक घरचा डॉक्टर असे. त्यांची पदवी कोणती, हे कोणी विचारत नसे. पण घरातल्या तीन पिढ्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ असत. रात्री-अपरात्री हाक मारली की ते बॅटरी घेऊन येत आणि पैसे सुगीनंतर घेत. ती पिढी आता थकली. मुले शिकून पुण्या-मुंबईला गेली आणि दवाखान्याला कुलूप लागले.

उरले सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र. सरकारी निकषानुसार सपाटीवर ३० हजार, तर डोंगराळ भागात २० हजार लोकवस्तीमागे एक केंद्र असते. म्हणजे निकष तंतोतंत पाळला, तरी एक-दोन डॉक्टरांनी एवढी माणसे पाहायची! डॉक्टर रजेवर गेले की साध्या तापासाठीही बेळगावची वाट धरावी लागते आणि जिल्हा रुग्णालयाची रांग वाढते. ज्यांना रस्ताच नाही, त्यांचे हाल तर विचारूच नयेत. जुलै २०२४ मध्ये खानापूर तालुक्यातील आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी भर पावसात, जंगलवाटेने खांद्यावरून वाहून नेले.

सीमाभागात या दुखण्याला भाषेचे दुखणे जडले आहे. बदलीवर आलेल्या डॉक्टरांना मराठी येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पण 'छातीत भरून येतंय', 'अंग मोडून आलंय' असे म्हातारी सांगते, ते त्यांच्यापर्यंत पोचावे कसे? शेजारणीला दुभाषी म्हणून उभे करून एखाद्या बाईने आपले खासगी दुखणे कसे सांगावे? गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे चुकीचे समजले तर जबाबदार कोण?

आम्ही कन्नडविरोधी नाही. कन्नड बंधूही त्याच रांगेत उभे आहेत. आमचे मागणे हक्काचे आहे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ सालीच केंद्राने मान्य केले आहे. मग दवाखान्यातील सूचनेहून महत्त्वाची सूचना कोणती?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकाने तीस विरोध केला. योजनेचे आम्ही स्वागतच करतो. पण ती रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे; तापाने फणफणलेल्या पोराला गावात तपासणारा डॉक्टर ती देत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. निकाल लागेल तेव्हा लागेल. आजार तारखांसाठी थांबत नाही.

म्हणून कर्नाटक शासनाने सीमाभागातील केंद्रांत मराठी जाणणारे डॉक्टर व परिचारिका प्राधान्याने नेमावेत, फलक व औषधांच्या सूचना मराठीतही द्याव्यात. ग्रामपंचायतींनी तसे ठराव करावेत आणि डॉक्टरांच्या राहण्याची सोय पाहावी. गावच्या मातीत वाढून डॉक्टर झालेल्या मुलांनाही आमची विनंती आहे : कायमचे येणे जमत नसेल, तर आठवड्यातून एक दिवस तरी वडिलांच्या दवाखान्याचे कुलूप उघडा. आपले दुखणे आपल्या भाषेत सांगायला आजही गाव त्या दाराकडे पाहत आहे.