दरोडेखोराचे वकीलपत्र

१/ एखाद्या गावात क्रूर दरोडा पडतो, घरातील माणसे मारली जातात आणि अनेकदा दोन बातम्या पाठोपाठ येतात. पहिली आरोपींच्या अटकेची. दुसरी, या आरोपींचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, अशा स्थानिक वकील संघाच्या ठरावाची. दुसऱ्या बातमीवर शाबासकीचा वर्षाव होतो. ‘असल्यांना वकील कशाला?’ हा प्रश्न नवा नाही. तो किमान तीन शतके जुना आहे आणि त्याचे उत्तर निरपराध माणसांच्या प्राणांचे मोल देऊन मिळालेले आहे. हा धागा त्या उत्तराविषयी.

२/ आरंभ लंडनपासून करावा लागतो, कारण आपली फौजदारी न्यायपद्धती तेथून आली. अठराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये किरकोळ गुन्ह्याच्या आरोपीस वकील देता येत असे. १६९६ च्या कायद्याने राजद्रोहाच्या आरोपीसही ती मुभा मिळाली होती. परंतु खून, दरोडा, वाटमारी अशा गंभीर गुन्ह्यांत, जेथे शिक्षा फाशीची होती, तेथे वस्तुस्थितीच्या प्रश्नावर आरोपीच्या वतीने वकिलास बोलता येत नसे. न्यायाधीशच आरोपीच्या हिताची काळजी घेतील, असे सांगितले जाई.

३/ ही व्यवस्था मोडली ती दरोड्याच्या खटल्यांनीच. १६९२ च्या कायद्याने वाटमाऱ्यास दोषी ठरवून देणाऱ्यास ४० पौंडांचे इनाम जाहीर केले होते. त्या काळी ही रक्कम मजुराच्या वर्षभराच्या कमाईहून अधिक होती. इनामाच्या लोभाने चोर पकडून देणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला. १७५४ मध्ये मॅकडॅनियल टोळीचे प्रकरण उघडकीस आले. हे लोक पोरांना फूस लावून वाटमारी करवीत, लुटला जाणाराही आपलाच माणूस असे. मग त्या पोरांना पकडून देऊन इनाम वाटून घेत. त्यांच्या खोट्या साक्षीवर निरपराध माणूस फासावरही गेला होता.

४/ इनाम दोषसिद्धीवर मिळणार असेल तर साक्षीदाराला दोषी माणूस हवा असतो, खरा गुन्हेगार नव्हे. हे ध्यानात येऊ लागले तसे १७३० च्या दशकापासून न्यायाधीशांनी बचावाच्या वकिलाला साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ देण्यास सुरुवात केली. ज्युरीपुढे भाषण करण्याची मुभा मात्र नव्हती. ती संसदेच्या कायद्याने १८३६ मध्ये मिळाली. उलटतपासणी घेणारा बचावाचा वकील कोणा दयाळू तत्त्वज्ञाच्या कल्पनेतून आलेला नाही. खोटा दरोडेखोर उभा करणे किती सोपे असते, या कडू अनुभवातून तो आला.

५/ आता त्याच १८३६ सालात हिंदुस्थानात काय घडत होते ते पाहावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्या वर्षी ३० क्रमांकाचा कायदा केला. त्यानुसार एखादा मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की सक्तमजुरीची जन्मठेप. कोणाला मारले, कोठे लुटले, केव्हा, हे दाखवण्याची गरज नाही. टोळीतील सहभाग कायद्यापूर्वीचा असला तरी चालेल. १८४३ च्या कायद्याने हीच कल्पना दरोडेखोरांच्या टोळ्यांना लागू झाली आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती ४०० वे कलम होऊन राहिली.

६/ टोळीतील सहभाग सिद्ध कशाने व्हायचा? बहुतांशी माफीच्या साक्षीदारांच्या जबानीने. कॅप्टन स्लीमन यांची सारी मोहीम त्या जबान्यांवर उभी होती. स्वतःची मान वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेणारा माणूस आणि ४० पौंडांसाठी दुसऱ्याचे नाव घेणारा माणूस यांच्यात फरक तो किती? लंडनमध्ये दुसऱ्या प्रकारच्या अनुभवाने वकील आत आला. त्याच सुमारास येथे पुराव्याची पायरीच उतरवली गेली.

७/ १८७१ मध्ये आणखी एक पाऊल पडले. गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. नोंदणी, हजेरी, हालचालींवर निर्बंध हे सारे एखाद्या व्यक्तीचा गुन्हा सिद्ध न होता. पुढे या कायद्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. जमातच आरोपी असेल, तर वकील बचाव करणार तरी कशाचा? कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस ठाण्यातली सवय रद्द झाली का, याचे उत्तर पुढे येईल.

८/ त्याआधी १८७९ चे पुणे. दुष्काळाने होरपळलेल्या मुलखात वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि इतर साथीदारांसह बंड उभारले. पैसा उभा करण्यासाठी दरोडे घातले. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. संशयाची सुई लगेच फडक्यांकडे आणि पुण्याच्या सुशिक्षित वर्गाकडे वळली. महादेव गोविंद रानडे यांची तर धुळ्यास बदली झाली. पुढे आगीचा दोष सिद्ध झाला तो सरकारी पुस्तक भांडारातील एका कर्मचाऱ्यावर. सगळ्यांची खात्री होती आणि सगळ्यांची खात्री चुकीची होती.

९/ जुलैमध्ये फडके पकडले गेले. पुण्यात खटला उभा राहिला तेव्हा वातावरण असे होते की त्यांचे वकीलपत्र घ्यायला वकील धजावत नव्हते. ते घेतले गणेश वासुदेव जोशी यांनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी. १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन करणारे आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी नेसून गेलेले हेच ते काका. सभेकडे सरकार आधीच वाकड्या नजरेने पाहत होते. अशा वेळी बंडखोराच्या बाजूने न्यायालयात उभे राहणे म्हणजे संशय स्वतःवर ओढवून घेणे होते. बचावासाठी पुढे महादेव चिमणाजी आपटे हेही उभे राहिले.

१०/ येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कायद्याच्या भाषेत फडके दरोड्याचे आरोपी होते आणि दरोडे घातले गेले होते. त्यांचे आत्मचरित्र आणि रोजनिशी सरकार पक्षाच्या हाती पुरावा म्हणून होती. खटला जिंकण्याजोगा नव्हता आणि जिंकला गेलाही नाही. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी फडके यांचा मृत्यू झाला. तरीही काकांचे उभे राहणे वाया गेले असे आज कोणी म्हणत नाही. ज्या वकिलांनी अंग काढून घेतले, त्यांची नावे इतिहासाने लक्षात ठेवलेली नाहीत.

११/ आजचा दरोडेखोर उद्याचा क्रांतिकारक ठरेल, असे यातून सुचवायचे नाही. बहुतेक दरोडे लोभापायीच पडतात. मुद्दा निराळा आहे. १८७९ मध्ये ‘फडके’ हे नाव सरकारदरबारी ‘दरोडेखोर’ या शब्दात मावत होते. त्या शब्दामागे कोण आहे, हे निकालापूर्वी सांगणे कोणाच्याच हाती नसते. म्हणूनच वकील देण्याचा निर्णय आरोपीच्या लायकीवर सोडता येत नाही.

१२/ आता दरोड्याच्या खटल्याचे स्वरूप पाहू. दंड संहितेचे ३९६ वे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेच्या ३१० व्या कलमात आहे, असे सांगते की पाच किंवा अधिक जणांनी दरोडा घातला आणि त्यांतील एकाने खून केला, तर प्रत्येकास फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. घाव कोणी घातला हे दुय्यम. तेथे कोण होते, एवढाच प्रश्न उरतो. म्हणजे सारा खटला ओळखीवर उभा असतो. रात्रीच्या अंधारात, मार खाताना, भेदरलेल्या डोळ्यांनी पाहिलेल्या चेहऱ्यांच्या ओळखीवर.

१३/ बचावाचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो. घरात दिवा होता का? ओळख परेड किती दिवसांनी झाली? त्याआधी साक्षीदाराला आरोपी किंवा त्याचे छायाचित्र दाखवले होते का? जप्त केलेले दागिने खरोखर त्याच घरातले आहेत का? जप्तीच्या वेळी हजर असलेला पंच पोलिसांचा नेहमीचा पंच तर नाही? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा मानू नये, हा नियम तर १८७२ च्या पुरावा कायद्यात खुद्द इंग्रजांनीच घातला. आपल्या पोलिसांची कबुली घेण्याची रीत त्यांना पक्की ठाऊक होती. हे प्रश्न विचारणारा कोणी नसेल, तर नियम कागदावरच राहतो.

१४/ आणि आता महाराष्ट्रातील खटला. जून २००३ मध्ये नाशिककडील एका वस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला, एका स्त्रीवर आणि पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. गुन्ह्याच्या क्रौर्याविषयी दुमत असूच शकत नाही. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

१५/ त्या सहांपैकी एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे २०१२ मध्ये निष्पन्न झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००९ चा निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर अवघ्या दोन दिवसांत पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार निराळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच झाला नाही. खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हणत न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि चुकार अधिकाऱ्यांचा शोध घेण्याचा आदेश राज्याला दिला. तोवर सोळा वर्षे गेली होती. १८७१ च्या सवयीचे काय झाले, याचे उत्तर हे आहे.

१६/ ‘पीडितांच्या बाजूने कोण उभे राहणार?’ हा ठरावांचा सर्वांत जोरकस युक्तिवाद असतो. त्याचा मान राखूनच उत्तर द्यावे लागेल. या खटल्यात पीडितांना काय मिळाले? चुकीच्या सहा माणसांना झालेली शिक्षा आणि ओळखलेले चौघे मोकळे. बचावाची उलटतपासणी पहिल्याच पायरीवर धारदार झाली असती, तर तपास यंत्रणेला त्या चौघांकडे वळणे भाग पडले असते. दुबळा बचाव पीडितांच्या पदरात न्याय टाकत नाही. तो तपासातील आळसाला अभय देतो.

१७/ २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईतही हाच आग्रह झाला. वकीलपत्र न घेण्याचा ठराव झाला. न्यायालयाने नेमलेल्या महिला वकिलाच्या घरावर दगडफेक झाली. तरीही न्यायालयाने कसाबला वकील दिला, प्रत्येक टप्प्यावर दिला. तो दोषी ठरला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी गेला. परंतु त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते. मृत दहशतवाद्याच्या खिशात सापडल्याचे सांगितलेला नकाशा रक्ताच्या डागाविना कसा राहिला, असा प्रश्न त्यांच्या बाबतीत उभा राहिला. ते दोघे सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. वकील नसते, तर तो नकाशा कोणी उलगडून पाहिला असता?

१८/ कायदा याबाबत संदिग्ध नाही. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क दिला. ती तरतूद संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मांडली. १९७६ मध्ये आलेल्या ३९-अ अनुच्छेदाने मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकली. डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद रफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकील संघांचे असे ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले.

१९/ त्या निकालामागचा ठराव कोणाविरुद्ध होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. कोइम्बतूरच्या वकील संघाने तो केला होता पोलिसांविरुद्ध. वकिलांशी झालेल्या संघर्षात आरोपी झालेल्या पोलिसांचा बचाव कोणी करू नये, असा तो होता. म्हणजे हा हक्क अखेर वाचला तो खाकी वर्दीतील आरोपींच्या निमित्ताने. आज जो बंदोबस्तात उभा आहे, तो उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

२०/ एखाद्या वकिलाने विशेष कारणास्तव एखादे प्रकरण नाकारणे वेगळे. बार कौन्सिलच्या नियमांतही त्याला जागा आहे. संघाने सामूहिक ठराव करून इतरांचीही वाट अडवणे हे सर्वस्वी वेगळे. पहिल्यात विवेक असू शकतो. दुसऱ्यात जमावाची दहशत असते, मग तिने काळा कोट घातलेला का असेना.

२१/ जिल्ह्याजिल्ह्यातील वकील संघांनी असे ठराव करणे थांबवावे आणि केलेले ठराव मागे घ्यावेत. विधी सेवा प्राधिकरणांनी दरोडा आणि खुनाच्या खटल्यांत अनुभवी वकील पहिल्या रिमांडपासून द्यावेत, फाशी सुनावल्यानंतर नव्हे. आणि पुढच्या ठरावावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने ५ मार्च २०१९ चे निकालपत्र एकदा वाचावे. त्यातील सहा माणसांसाठी पहिल्या दिवशीच कोणी सार्वजनिक काका उभे राहिले असते, तर सोळा वर्षांतली किती वर्षे वाचली असती, याचा हिशेब सही करणाऱ्यानेच मांडावा.

(समाप्त)