‘यंत्रमालक’ म्हणजे कोण?

मैत्रिणींनो, या वेळी विषय जरा निराळा आहे. यंत्रांचा आहे, पण म्हणून पान उलटू नका.

संगणकाच्या आज्ञेवर लाकूड, प्लायवूड किंवा अ‍ॅक्रिलिक कोरणारं एक यंत्र असतं. त्याला सीएनसी म्हणतात. कारखान्यांना ते नवं नाही. आकड्यांच्या आज्ञांवर चालणारं मिलिंग यंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ मध्ये दाखवलं गेलं, तेव्हा ते खोलीभर होतं. आता त्याची टेबलावर मावणारी धाकटी भावंडं निघाली आहेत. एका लहान जातीचा पाट जेमतेम तीस सेंटिमीटर लांब आणि अठरा रुंद असतो. डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी एक फिरतं पातं सरकतं आणि तुम्ही संगणकावर काढलेला आकार लाकडात उतरतो. किंमत साधारण एका बऱ्या मोबाइलइतकी. त्यामुळे शिक्षक, वीजतंत्री, फर्निचरवाल्यांची शिकलेली मुलं अशा हौशी लोकांच्या घरी ही यंत्रं दिसू लागली आहेत.

बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं, मध्यप्रदेशच्या हद्दीला लागून असलेलं गाव. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे येतात, दंडार आणि नाटकं होतात. त्या दिवसांत इथे अशा हौशी लोकांची एक मैत्रीपूर्ण नमुना-स्पर्धा घ्यावी, असं आमचं काहीजणांचं चाललं आहे. तुमसर, भंडारा, गोंदियाकडचे लोक येतील, हद्दीपलीकडच्या वारासिवनी-बालाघाटचेही येतील. कल्पना मला मनापासून आवडली. मग नियमांचा कच्चा कागद हातात आला. पहिलीच ओळ अशी होती: ‘ही स्पर्धा हौशी सीएनसी यंत्रमालकांसाठी खुली आहे.’

या ओळीवर माझं आणि मंडळींचं जुंपलं. ‘अहो ताई, मालक म्हणजे ज्याच्या घरी यंत्र आहे तो, त्यात काय एवढं?’ असं म्हणणं पडलं. एवढंच आहे ते. घर कुणाचं, पावती कुणाच्या नावावर, यंत्राची खोली कुणाची आणि रात्री जेवणं आटोपल्यावर त्या खोलीत बसायला वेळ कुणाला, हे सगळं त्या एका शब्दात आलं आहे. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांपैकी बायका अवघ्या १३.८७ टक्के निघाल्या. धानाच्या बांधीत वाकलेल्या बायका मोजल्या तर हे प्रमाण भलतंच वेगळं दिसेल. १९९०च्या आगेमागे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला आणि काही गावांत नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन केली, हे आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. पण जमिनीबद्दल निदान बोललं तरी गेलं. यंत्राबद्दल तेही नाही. घरातलं शिवणयंत्र ‘तिचं’ असतं, कारण त्यावर घरचे कपडे शिवले जातात. मोटरपंप, ट्रॅक्टर, संगणक मात्र न सांगताच ‘त्याचं’ होतं.

‘हौस’ या शब्दाचंही तेच. बाईने रांगोळी काढली, भरतकाम केलं, तोरण विणलं, तर ती तिची आवड, आणि बहुधा कर्तव्यसुद्धा. त्यासाठी पंधरा-वीस हजारांचं साधन मागायचं तिच्या मनातही येत नाही. पुरुषाच्या हौसेला मात्र यंत्र लागतं, खोली लागते आणि आदल्या रविवारी कुणी हाक मारू नये एवढी शांतता लागते.

आता एक जुनी स्पर्धा सांगते. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्याच्या नमुन्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे लाख रुपये! अटी वाचण्यासारख्या होत्या. चरखा हलका हवा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकायला हवा, आठ तासांत बारा ते वीस नंबरचं सोळा हजार फूट सूत निघायला हवं. आणि बाईला बेताच्या श्रमांत सलग आठ तास चालवता यायला हवा. किर्लोस्करांच्या कारखान्यात तयार झालेला चरखाही अजमावून पाहिला गेला, पण अटींत बसला नाही. (याच किर्लोस्करवाडीहून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झालं, हा आपला जाता जाता योग.) ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही.

मला ही स्पर्धा दोन कारणांसाठी आठवते. नमुना चांगला की वाईट, हे तो दिसतो कसा यावरून ठरणार नव्हतं. आठ तासांनंतर चालवणारीचा खांदा काय म्हणतो यावरून ठरणार होतं. नव्वदेक वर्षांपूर्वी यंत्राच्या स्पर्धेत बाईच्या थकव्याला अटीचं स्थान मिळालं, हे मला फार मोठं वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. बाई त्या कागदावर आली ती चालवणारी म्हणून. नमुना तीच काढील, अशी कल्पना कुणी केलेली दिसत नाही. आमच्या स्पर्धेत मला या दोन्ही जागा हव्या आहेत.

म्हणून माझं पहिलं मागणं असं की ‘मालक’ हा शब्द काढावा आणि नमुना जिने किंवा ज्याने रेखाटला आणि यंत्रावर स्वतः उतरवला, प्रवेश त्या माणसाच्या नावे असावा. यंत्र कुणाचंही चालेल: भावाचं, शाळेचं, तासावर भाड्याने घेतलेलं. हे काही मी हवेत बोलत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. संगणकावर चालणारी यंत्रं गावातल्या मुलामुलींनी सामायिक वापरायची, ही तिची मूळ कल्पना. खेड्यातल्या यंत्राला एकच मालक असायला हवा, असा काही निसर्गनियम नाही.

या निमित्ताने महिलांचा वेगळा गट ठेवावा, अशीही सूचना आली. चांगल्या मनाने आली, तरी मला ती मान्य नाही. वेगळा गट म्हटला की त्याला रांगोळीचे छापे आणि देव्हाऱ्याची जाळी असे विषय मिळतात, बक्षीस निम्म्यावर येतं आणि त्यातही एखादी पैठणी निघते. नको ती पैठणी. द्यायचंच तर पात्यांचा एक संच द्या, लाकूड द्या, यंत्राचे पन्नास तास द्या. सरावासाठी मात्र बायकांना वेगळी वेळ जरूर हवी. घरचे पुरुष मागे उभे राहून ‘हात काढ, मी करतो’ म्हणणार नाहीत, अशा चार दुपारी मिळाल्या तरी खूप होतं.

आणि बायकांना हे जमेल का, ही शंका कुणी काढू नये. भंडाऱ्याच्या बाजूला टसरच्या करवतकाठी साड्या विणल्या जातात. करवतीच्या दातांसारखा तो काठ धागा धागा मोजल्याशिवाय उतरत नाही. घरोघरी कांड्या भरणाऱ्या, ताणा लावायला मदत करणाऱ्या बायका हे मोजमाप पिढ्यान् पिढ्या हाताळत आल्या आहेत, आणि तरी ‘विणकर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मागावर बसलेला पुरुषच येतो. ठिपका किती घरं उजवीकडे आणि किती घरं वर, हे ज्यांना कळतं त्यांना सीएनसीची भाषा पंधरवड्यात कळेल. तीही एवढीच असते: इतके मिलिमीटर उजवीकडे, इतके पुढे, इतकं खोल.

आता विषय. मला विचाराल तर नावाच्या पाट्या, भिंतीवरची घड्याळं, हत्ती-मोर यांना रजा द्यावी. विषय द्यावा विळ्याच्या मुठीचा. आपल्या धानकापणीत बायकाच मोठ्या संख्येने राबतात, पण बाजारात मिळणारा विळा एकाच मापाचा. मूठ बहुतेकदा गोल गुळगुळीत, घामट हातात फिरणारी. लहान पंजाच्या बाईला ती आवळून धरावी लागते आणि संध्याकाळी बोटं मिटत नाहीत. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने ‘नवीन’ नावाचा दातेरी विळा काढला, म्हणजे या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलेलं आहे. पण आमच्या गावातल्या अमुक एका हाताच्या मापाची मूठ काढायला टेबलावरचं यंत्र अगदी योग्य. मूठ दोन अर्ध्या भागांत कोरायची आणि जोडायची. लांबी पंधरा सेंटिमीटरच्या आत राहते, म्हणजे लहान यंत्रवालाही बरोबरीने उतरू शकतो. लाकूड सागवान किंवा शिवण. बाभळीसारख्या कठीण लाकडात लहान यंत्राची मोटर अडखळते, आणि मग मोठं यंत्र असलेला आपोआप पुढे जातो. स्पर्धा मैत्रीची असेल तर हे आधीच टाळलेलं बरं.

निकाल कुणी द्यायचा? मंचावर खुर्च्या मांडून पाहुण्यांनी मुठी हातात फिरवून पाहायच्या आणि गुण द्यायचे, हे मला पटत नाही. नमुने दसऱ्यापर्यंत मागवा. कापणीत ते कापणाऱ्या बायकांच्या हातात द्या. प्रत्येकीने प्रत्येक मूठ एक पूर्ण दिवस वापरावी आणि संध्याकाळी बोटं, मनगट, अंगठ्याचं बेचकं कसं आहे ते सांगावं. लिहिता येत नसेल तर कुणीतरी टिपून घ्यावं. कुठली मूठ कुणाची हे त्यांना माहीत नसावं, म्हणजे पाटलाच्या मुलाची म्हणून ती बरी ठरणार नाही. आणि या दिवसांची मजुरी त्यांना स्पर्धेच्या निधीतून मिळायला हवी. शहरातून येणाऱ्या परीक्षकाला आपण प्रवासखर्च, नारळ आणि शाल देतो. इथे परीक्षण करणारी दिवसभर उन्हात राबणार आहे. निधी कमी पडत असेल तर मांडव लहान घाला.

काही बारीक गोष्टी आहेत, पण त्यांवरच बाई आत येते की दारातून परतते हे ठरतं. पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं. साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी, सैल बांगड्या त्यात अडकू शकतात. हातमोजेही धोक्याचेच, ते बोटासकट ओढले जातात. यावर ‘साडी नेसलेल्यांना प्रवेश नाही’ असा सोपा नियम करता येतो. त्यापेक्षा यंत्राभोवती झाकणाची पारदर्शक पेटी आणि चटकन बंद करायची कळ सक्तीची करावी. ते पुरुषांच्या बोटांसाठीही बरं. लाकडाची बारीक धूळ छातीत जाते, तेव्हा मास्क हवा, आणि मुलं शेजारी खेळत असतील तर दार बंद हवं. वीज मध्येच गेली की या यंत्राला आपण कुठे होतो हे आठवत नाही, काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून वेळ लावून शर्यत घेऊ नये आणि वाया गेलेल्या लाकडाबद्दल दुसरा तुकडा द्यावा. ज्या घरात एक फळी वाया गेली की चार शब्द ऐकावे लागतात, तिथल्या मुलीला हा दुसरा तुकडा फार मोलाचा.

नमुन्यांचं पुढे काय, हाही प्रश्न आहे. जिंकलेली मूठ कुणीही कोरून वापरावी, असंच ठरायला हवं, नाहीतर एखादा दुकानदार ती उचलून विकेल आणि कापणारीला विकतच घ्यावी लागेल. पण नाव राहिलं पाहिजे. या यंत्राच्या आज्ञावलीत कंसात लिहिलेला मजकूर यंत्र वाचत नाही, सोडून देतं. माणसं मात्र वाचतात. प्रत्येक नमुन्याच्या पहिल्या ओळीत कंसात तो काढणारीचं किंवा काढणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव असावं. ‘सौ.’ लावायचं की नाही, वडिलांचं नाव की नवऱ्याचं, ते जिचं तिने ठरवावं.

नियमांचा कागद अजून कच्चाच आहे. ‘मालक’ खोडायला बरेचजण तयार झाले आहेत, मजुरीच्या मुद्द्यावर अजून नाखुशी आहे. रोवणी संपल्यावर, बायकांना थोडी उसंत मिळते तेव्हा, पुन्हा बसायचं ठरलं आहे. तोवर आपापल्या गावातल्या कापणाऱ्या बायकांच्या पंजाची मापं कुणी पाठवू शकलात तर हवी आहेत: मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतची लांबी, आणि अंगठा सोडून तळव्याची रुंदी. कागदावर हात ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली तरी पुरे.